सोलर पॅनेलवरच्या कुरडया

गेल्या रविवारी इथे आखातात, आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुरडयांवरून जे काही पेटलं म्हणता… अजून माझं डोकं तापलेलंच आहे. म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं. आमच्या बिल्डिंगला सेंट्रल एसी. त्याची वीज मालकाच्या मीटरवर, आणि मग मॅनेजर प्रत्येक फ्लॅटला ज्याच्या-त्याच्या वापराचं बिल पाठवतो. उन्हाळ्यात ते बिल बघूनच घाम फुटतो.

२००८ च्या क्रॅशनंतर सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी गेली. त्या उन्हाळ्यात आम्ही एसी बंदच ठेवला. सई तान्ही होती… घामोळ्यांनी लाल झालेलं पोर मांडीवर घेऊन मी ओल्या टॉवेलनं वारा घालायची आणि बाहेरच्या उन्हाला शिव्या द्यायची. आजूबाजूचे एकेक जण गाशा गुंडाळून गेले. आम्ही नाही गेलो.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आणि वरच्या मजल्यावरच्या फरीदाभाभी, मूळच्या रत्नागिरीच्या, हात धुऊन मालकाच्या मागे लागलो. वर्गणी भाडेकरूंची, सोलर पॅनेल त्याच्या गच्चीवर, आणि जेवढी वीज तयार होईल तेवढी सूट आमच्या एसीच्या बिलात. मॅनेजर तेव्हा हसला होता. "मॅडम, टेनंट लोग आज है, कल नहीं. आपको सोलर का क्या करना है?"

आज है, कल नहीं म्हणे! अरे बाबा, तुझ्याआधीचे किती मॅनेजर आले नि गेले, आम्ही इथेच आहोत.

शेवटी पॅनेल लागली. बिलं खरंच उतरली. पण यंदा लॉबीतल्या स्क्रीनवर दिसणारा पॅनेलच्या विजेचा आकडा घसरायला लागला… महिनाभर घसरतच होता. विचारलं की मॅनेजर म्हणायचा, देखेंगे.

रविवारी सकाळी त्याचा ग्रुपवर मेसेज आला, सगळे वर्गणीदार गच्चीवर या. गेलो. आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शेवटच्या रांगेतल्या पॅनेलवर जुनी सुती साडी अंथरलेली, आणि तिच्यावर ओळीनं कुरडया! माझ्या सासूबाईंच्या.

आई पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आल्यात. आल्या की त्यांचं वाळवण गच्चीवरच असायचं, आणि आता त्या जागेवर पॅनेल. मग त्यांनी वॉचमनकडून गच्ची उघडून घेतली नि सरळ पॅनेलवरच घातलं. "छान तापतं गं ते," मला म्हणाल्या. सईनं कपाळावर हात मारला. "आजी, दॅट्स नॉट अ टेबल!"

मॅनेजरला तर आयतं कोलीतच मिळालं. "देखो टेनंट लोग का काम! इसीलिए प्रोडक्शन गिरा. नेक्स्ट मंथ से स्कीम खलास." झालं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी धडपड करून मिळवलेली सूट माझ्याच घरातल्या कुरडयांनी घालवली… मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईंना वाटलं, कुरडया जप्त होतायत. "आवरते हो, आत्ता आवरते," म्हणत त्यांनी साडी कुरडयांसकट उचलली. आणि आम्ही बघतच राहिलो.

साडीखालचं पॅनेल लख्ख! बाकीच्या रांगा मात्र धुळीनं मातकट झालेल्या, बोटानं नाव लिहावं इतक्या. "खायची वस्तू घालायची म्हणजे आधी पुसायला नको?" आई म्हणाल्या. "काल सकाळी दोन बादल्या पाणी लागलं मला. किती ती घाण!"

काल सकाळी! मग महिनाभराची वीज कोणी खाल्ली? कालच्या कुरडयांनी?

फरीदाभाभींनी पदर खोचला. "साहब, सफाई का पैसा तो हर महीने लेते हो. सफाई किसने की?" मॅनेजर गडबडला. "हबीबी, क्लीनिंगवाला… अगले हफ्ते, इन्शाल्ला…" तेव्हा माझा आवाज असा काही चढला की सुधीरच दोन पावलं मागे सरला. "अगले हफ्ते नहीं. अभी. यल्ला!"

"टेनंट को छत पे काम अलाउड नहीं है," तो म्हणाला. "तो लगाओ मालिक को फोन," भाभी म्हणाल्या. "हम भी बात करेंगे सफाई की." त्यानं काही फोन लावला नाही.

मग बादल्या आल्या, फडकी आली, जुने टी-शर्ट आले. ऊन चढायच्या आत आम्ही सगळी पॅनेल धुऊन काढली. आई एका स्टुलावर बसून, "तो कोपरा राहिला, तो कोपरा राहिला," करत होत्या. गच्चीची चावी मी मॅनेजरकडून मागून घेतली. आता ती माझ्या फ्रिजवर आहे, आणि दर रविवारी कोणी धुवायचं ते ग्रुपवर ठरतं.

सोमवारी आकडा वर गेला. संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला, स्कीम कंटिन्यू.

आज भर दुपारी बाहेर तेच ऊन आहे, ज्याला मी तेव्हा शिव्या दिल्या होत्या. आत आई एसीत पांघरूण ओढून घोरतायत आणि सई म्हणतेय, "आई, इट्स फ्रीझिंग!" मी म्हटलं, होऊ दे. फार वर्षांची हौस आहे माझी.

आईंना थँक्यू म्हटलं तर म्हणाल्या, आधी माझ्या वाळवणाला जागा दे. दिली, पॅनेलच्या शेजारी, खास त्यांची. आणि तळल्यावर काय फुलल्या हो कुरडया! ताटली भरून खाली मॅनेजरला पाठवल्यात. सईला सांगितलंय, निरोपही दे… टेनंट लोग आज है, और कल भी है.