आमच्या माडीवरचा तिबेट

नाक मुरडण्यात आमच्या माडीवरच्या भाडेकरूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो, कारण माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांतच माझी हयात गेली. पण गिऱ्हाईक फार तर पंख्याला नावं ठेवतं. हे गृहस्थ वाऱ्याला नावं ठेवतात. "तुमच्या इथला वारा आळशी हाय जी," असं त्यांनी पहिल्याच दिवशी गच्चीवर उभं राहून मला ऐकवलं. जणू मी तो उधारीवर आणून कमी वजनाचा विकत होतो!

ते मूळचे तिबेटचे. चीनने त्यांचा देश घेतला त्याविरुद्ध लिहायला लागले, लिहिलं म्हणून पळावं लागलं, आणि ऐन तरुणपणी डोंगर तुडवत नेपाळमार्गे इकडे आले. आई आणि बहीण तिकडेच राहिल्या. त्यांचे देशबांधव थंड हवेच्या गावात वस्ती करून आहेत, तिथे हेही होते. पण कुणीतरी "जरा सौम्य लिहा" म्हणालं आणि यांनी गाशा गुंडाळला. मग अहिंसेवरच्या एका परिसंवादासाठी वर्ध्याला आले, दुसऱ्याच दिवशी आयोजकांशी अत्यंत अहिंसक असं कडाक्याचं भांडण केलं, आणि नालवाडीत माझ्या घरावर 'भाड्याने देणे' ही पाटी बघून आत शिरले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, इथे माझ्या लेखाने ज्याचं मन दुखावेल असा एकही माणूस राहत नाही. माझं मन त्यांनी हिशेबातच धरलं नव्हतं. मराठी ते गुजरीच्या बाजारातल्या भाजीवालीकडून शिकले, त्यामुळे साऱ्या जगाचं राजकारण आमच्याकडे वांग्याच्या भावात बोललं जातं. "हे मोठ्या देशाचे अध्यक्ष काऊन चीनवाल्याइशी हात मिळवून राह्यले? लाज नाई काय बाप्पा!" असं सकाळी सकाळी जिन्यावरून ऐकू आलं की आमची मंडळी चहाला आणखी एक कप पाणी वाढवते.

त्यांचा सगळ्यात मोठा जाच म्हणजे वस्तू उलटी करून बघणं. कुणाकडेही गेले की आधी वस्तूचं बूड बघतात. कपबशी, रिमोट, देवघरातली लुकलुकणारी माळ, काही म्हणता काही सोडत नाहीत. बुडाशी चीनचं नाव निघालं की वस्तू अशी खाली ठेवतात, जणू आतून झुरळ निघालं. माझ्या दुकानाची तर त्यांनी पायरीही न चढण्याची शपथ घेतली होती. रस्त्याच्या पलीकडून, लिंबाखालून, ते मला हाक मारीत. मे महिन्यात वर्धा कशी तापते हे सांगायला नको. अशा उन्हात कूलरचा पंप चिनी आहे म्हणून हा माणूस ओला पंचा डोक्यावर घेऊन लिहीत बसला, शेवटी मीच कंटाळून नागपूरहून देशी पंप आणला. एकदा मात्र मी डाव साधला. ते खाली अंघोळीला गेले असताना त्यांचा लॅपटॉप उलटा केला, तर बुडावरच्या चीनच्या नावावर जखमेला लावतात ती पट्टी चिकटवलेली! मी ती त्यांच्यापुढे नाचवली. गृहस्थ ढिम्म. म्हणाले, "बंदूक दुश्मनाची असली तरी चालते. तोंड कोणाकडे हाय ते पाहा."

सहानुभूती हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. गावातल्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. वक्त्यांनी भावनेच्या भरात "आपले चिनी पाहुणे" असा उल्लेख केला, आणि मी पहिल्या रांगेत डोळे मिटून घेतले. हे शांतपणे उठले, अंगावर घातलेली शाल काढली, तिचा कोपरा उलटा करून पाहिला, मग माइकपाशी जाऊन म्हणाले, "शाल बरी हाय. भाषण ज्यानं लिहून देल्लं त्याले वापस करा." तेव्हापासून त्यांना कुणी बोलावत नाही आणि ते यालाच सत्कार मानतात. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीसमोर तर ते रोज दोन मिनिटं उभे राहून मान हलवायचे. गाडीवाला मूळचा पुलगावचा, बिचारा भिडस्त. एके दिवशी त्याने पाटी खोडून 'तिबेट मंचुरियन' असं रंगवलं आणि कौतुकाने यांना बोलावून एक प्लेट दिली. यांनी एक घास खाल्ला. "देश सुटला तवा एवढं दुःख नव्हतं झालं," म्हणाले, आणि बाकीची प्लेट मात्र चाटूनपुसून संपवली.

अशा माणसाला आमच्या गावची एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारातल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या आणि घरातली पीडा नाव घेऊन गावाबाहेर घालवायची: खोकला घेऊन जाय गे मारबत, मच्छर घेऊन जाय गे मारबत! जिला शासनाची परवानगी लागत नाही आणि शेवटी ठराव होत नाही, अशी ही जगातली एकमेव चळवळ आहे असं त्यांचं मत पडलं. गेल्या पोळ्याला ते फांदी खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "चीनचं राज्य घेऊन जाय गे मारबत! त्याइचे पोलीस घेऊन जाय गे मारबत!" अख्ख्या नालवाडीने मागून साथ दिली. डुकरं घालवतात त्याच उत्साहाने आमच्या लोकांनी एक महासत्ता नाल्यापार नेऊन टाकली. समोरच्या घरातल्या निवृत्त गुरुजींनी ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि अभिमानाने फुगून जगभर सोडलं, वर लिहिलं, 'आमच्या नालवाडीचे तिबेटी काका.' रोज गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात पाठवणाऱ्या माणसाला आपण काय पाठवलं याची कल्पना कुठून असणार?

ते जिथे पोचू नये तिथे पोचलं. आमच्या जिन्याच्या वळणावरच फोनला नीट रेंज येते, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला की हे त्या पायरीवर बसून आईशी बोलत. एरवी कुऱ्हाडीसारखा चालणारा तो आवाज तेव्हा इतका मऊ व्हायचा, की आम्ही खालचा टीव्ही बंद करायचो. त्या दिवशी फोन लवकर संपला. ते खाली आले आणि उभ्या उभ्या सांगितलं, की दोन माणसं घरी जाऊन आईला व्हिडिओ दाखवून आली. बहीण घाबरली आहे. तिने निक्षून सांगितलंय, लिहिणं-बोलणं सगळं थांबव, नाहीतर आता फोन नाही. आईचं वय झालंय. म्हणजे पुन्हा आवाज ऐकायचा की नाही, हे यांच्या हातात.

मला खोटं बोलता येत नाही, मी म्हणालो, "थांबवा ना जी. तुमच्या लिहिण्यानं कोणता देश हलून राह्यला?" गुरुजी तर रडतच आले, पाया पडायला वाकले. त्यांना यांनी खांद्याला धरून उठवलं. "तुमी कायले रडता? तुमचा गुलाब रोज येतो, तो मी कधी उघडत नाई. हिशेब फिटला." आणि वर गेले. रात्रभर त्या माडीत काय झालं मला ठाऊक नाही. सकाळी लॅपटॉपच्या कळा बडवल्याचा आवाज नेहमीसारखा सुरू झाला, आणि मला त्यांचा असा संताप आला की मी चहा वर पाठवला नाही. आई मोठी की लेख? आठवड्याने तो लेख कुठेसा छापून आला. जिन्याच्या पायरीवर त्यानंतर कुणी बसलं नाही.

मग एका दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, ते पायरी चढून थेट आत आले. मी स्टूल पुढे केलं. भोवती चिनी दिव्यांच्या माळा लोंबत होत्या, त्यांनी एकीकडेही पाहिलं नाही. डोक्याला काळाभोर कलप लावला होता, तोही अर्धा कपाळाला. मला हसू आवरेना. "काय जी, लग्नाचा बेत हाय काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या माणसाइनं मायले व्हिडिओ दाखवला ना, विचारलं, हा तुहा पोरगा हाय? तर माय म्हणे, नाई. माहा पोरगा एवढा म्हातारा नाई." थोडा वेळ ते स्टुलावर हात घासत राहिले. "बहिणीनं त्याच फोनवर सांगितलं मले. आता मी रोज इचार करून राह्यलो. तिनं मले वाचवलं, का तिनं खरंच ओळखलं नाई? लिहिणं थांबवलं तर फोन करून पुसता येते. पण ज्यानं तिच्या घरी माणसं धाडली, त्याले भेऊन थांबलो म्हणून सांगू तिले? अन् नाई थांबलो तर हे कधी कळणारच नाई मले."

इतके दिवस पोटात साठवलेला राग कुठे गेला कोण जाणे. या माणसाला सांत्वन केलेलं खपत नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी बोललो. "ओळखलं जी तिनं. तुमचा आवाज ऐकूनच ओळखलं असन, चेहरा पाहायच्या आधी. माय हाय ती."

मी टोमण्याची वाट पाहत राहिलो. ते कपाळावरचा कलप बोटाने पुसत बसले होते.

"अजून एक बार सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं.