धुमेची कणीक

दोन वर्षं मी दत्तगुरूंशी धड बोलत नव्हते. जे काही बोलले ते भांडणच. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, डावा हात तेवढा अधू राहिला. आयुष्यभर दर गुरुवारी मुलुंडच्या आमच्या भजनी मंडळात ज्या हाताने पखवाज घुमवला, नेमका तोच. दुसऱ्या कुणाचा हात मिळाला नाही का रे तुला, असं मी तसबिरीसमोर उभी राहून विचारायची. देवापुढे दिवा हे लावत, उजव्या हाताने. मी काडेपेटीला शिवले नाही. आमच्या जावेने एकदा समजावलं, की देवावर असं रागावू नये. तिला म्हटलं, तुझ्या घरी येऊ दे हे दुखणं, मग मला शिकव.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला धूम म्हणतात. तिच्यावर ताज्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तो खोल, भरलेला आवाज निघत नाही. ही कणीक लग्न झाल्यापासून मीच मळत आले. घट्ट मळ, असं ह्यांनी तेव्हाच शिकवलं होतं. झटक्यानंतर ह्यांनी पुन्हा रियाज धरला, मीही तशीच घट्ट कणीक मळून देत राहिले, आणि धूम बद्द वाजत राहिली. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची, तो आवाज कानावर पडू नये म्हणून.

अशात अंधेरीच्या एका मैदानावर देशोदेशींच्या पारंपरिक संगीताचा महोत्सव होता आणि आमच्या मंडळाला बोलावणं आलं. गाणारे बुवा म्हणाले, पखवाजाला हेच बसतील. हे तयार झाले, पण घरातून निघताना मला म्हणाले, "आज वाजला तर वाजला. नाहीतर पखवाज मंडळाला देऊन टाकू. कोपऱ्यात नुसता पडलेला मला बघवत नाही गं." मी आत वळले. डब्यात कणकेचा गोळा ठेवला, वर ओलं फडकं घातलं आणि मनात दत्तगुरूंना म्हटलं, आता बघतेच तू काय करतोस.

त्याने काय केलं, तर फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला डबा उघडायला लावला. "आंटी, बाहरका खाना अलाउड नहीं है."

"अरे बाबा, ते खायचं नाहीये, वाजवायचं आहे!"

तो हसला. मागचे लोकही हसले. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने गोळा कचऱ्याच्या पिंपात टाकला. मी तिथे जो तमाशा केला तो सांगायची सोय नाही. हे मला हाताला धरून आत घेऊन गेले. मंचामागच्या थंडगार खोलीत कुणी उंटाच्या गळ्यासारखी लांब शिंगं फुंकून बघत होतं, कुणी गळ्यातूनच घरघर सूर काढत होतं, आणि वॉकीटॉकीवाली एक मुलगी मला समजावत होती, "काकू, टेन्शन नका घेऊ ना, साउंडवाले बेस वाढवतील." मी म्हटलं, बेस गेला खड्ड्यात. हे मात्र धुमेवरून कोरडा हात फिरवत एवढंच म्हणाले, "जाऊ दे. देवाच्या मनात नसेल." त्या वाक्याचा मला जेवढा संताप आला तेवढा त्या पिंपाचाही आला नव्हता.

शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली माझ्याच वयाची एक बाई बसली होती. कुठल्या देशाची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. थंडीने सैल पडलेल्या आपल्या मोठ्या डफावर ती केस वाळवायचं यंत्र फिरवत होती. तिने विचारलं नाही, पण मी रिकामा डबा दाखवला, धूम बडवून दाखवली, हवेत कणीक मळून दाखवली आणि वर मराठीतून दत्तगुरूंना शिव्या घातल्या. तिने यंत्र बंद केलं, माझं मनगट धरलं आणि मला थेट खाण्याच्या स्टॉलांकडे नेलं. पराठ्यांच्या स्टॉलसमोर पिठाची परात होती. मला रागाच्या भरात हे सुचलंच नव्हतं.

मूठभर पीठ मागून मी कागदी ताटलीत घेतलं. पाणी तिने ओतलं, आणि भसकन अर्धी बाटली ओतली. "अहो बाई, चिखल केलात!" मी ओरडले. ती हसली आणि स्वतःच मळायला बसली, तोंडाने तिच्या गावचं काहीतरी गुणगुणत. पुन्हा पीठ मागायला वेळ नव्हता, ती वॉकीटॉकीवाली हाका मारत धावत आली होती.

धुमेवर तो सैल गोळा ठरेना, भाकरीसारखा पसरला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

बुवांनी सूर लावला. ह्यांचा डावा हात जेमतेम उठला आणि हलकेच पडला. आणि धूम बोलली. दोन वर्षांत ऐकली नव्हती तशी, भरून, माझ्या पायाखालची फळी हलवत. ह्यांनी चमकून हाताकडे बघितलं, पुन्हा मारला, पुन्हा तीच. हात होता तेवढाच होता, कणीक मात्र सैल होती आणि तिला हलकी थापच पुरत होती. पडद्याआड ती बाई डफावर दोन बोटांनी ठेका धरून उभी होती आणि तिच्या शेजारी मी मोठ्याने रडत होते, तेही रागानेच. तिला पखवाजातलं काही कळत होतं, की नुसतं पाणी जास्त पडलं, हे मी आजही सांगू शकत नाही. तिला विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती. जाताना तिने माझे पिठाचे हात आपल्या रुमालाने पुसले, एवढं आठवतं.

माझा राग गेलेला नाही. अर्धा हात घेतलास तो घेतलासच, हे मी देवाला अजून ऐकवते. पण मी दोन वर्षं दात-ओठ खाऊन जो हात मागत होते तो जुना हात होता, आणि देवाने आहे त्या हातापुरती सोय करून दिली. आपण मूठ आवळून मागितलं की दिलेलं ठेवायला जागा उरत नाही, एवढं मला त्या चिखलाने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्यांची कणीक मळत होते. हे दारात येऊन म्हणाले, "माझ्यापुरती थोडी सैल काढून ठेव." मी काढून ठेवली. मग हात धुतले आणि दिवा लावायला काडेपेटी शोधू लागले. ती हल्ली कुठे ठेवतात हेच मला माहीत नव्हतं, ह्यांना विचारावं लागलं.