कॉर्टिकोलस बघायला कुरखेड्याला

बारा वर्षं बल्लारपूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवतेय आणि बारा वर्षं फळ्यावर तीच ओळ लिहितेय: 'कॉर्टिकोलस: सालीवर वाढणारं लायकेन.' लायकेन म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड. परवा वर्गातल्या सरितानं विचारलं, "मॅडम, तुमी कुठी पाह्यलं?" मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. अख्खा वर्ग हसला. अशी लाज वाटली, काय सांगू! सरिताचं गाव कुरखेड्याजवळ. "आमच्याकडं लय हाय, चला ना," ती म्हणाली. सोमवारी खरं लायकेन घेऊनच येते, असं मी भर वर्गात बोलून बसले.

शनिवारी सकाळीच सरिताबरोबर एसटी धरली. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, मग आरमोरीवरून कुरखेडा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं टेन्शन नाही. गडचिरोलीत तर्री-पोहे खाच, फक्त पाण्याची बाटली आधी उघडून ठेवा. सरिताच्या घरी तिच्या आईनं, रैनाबाईंनी, गरम भात आणि अंबाडीची भाजी वाढली. दोनदा मागून घेतली.

रविवारी सकाळी तिघी जंगलात गेलो. ऐनाच्या एका जाडजूड झाडावर राखाडी-हिरवे चट्टे! मी हरखून पिशवीतली छिन्नी काढली आणि सालीला लावली. रैनाबाईंनी माझा हात धरला.

"नाई बाई. या झाडात आमचा देव राह्यते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरिता खाली मान घालून उभी. मी झाड ओळखलं होतं, बाकी काहीच नाही. माफी मागितली. उद्या वर्गात काय दाखवू, हेही मनात आलं, खोटं कशाला बोलू?

"हे झाडाले खाते का?" रैनाबाईंनी विचारलं.

"नाही हो. याला कॉर्टिकोलस म्हणतात, शब्द लॅटिन आहे. कॉर्टेक्स म्हणजे साल, आणि पुढचा तुकडा वस्ती करण्याचा. सालीवर राहणारं. अन्न त्याचं तेच बनवतं, झाडाकडून फक्त जागा घेतं."

"मंग राहू द्या ना तिथीच."

एवढं म्हणून त्या झुडपांत शिरल्या. बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या तेव्हा हातात धावड्याची वाळकी फांदी होती, चट्ट्यांनी भरलेली. "हे पडेल होती. हे न्या." मला तर रडूच आलं.

सोमवारी फांदी बाकाबाकावरून फिरली. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, कुठी भेटलं?" मी तोंड उघडायच्या आत सरिता ताठ उभी राहिली.

"माह्या मायनं शोधलं."

छिन्नी घरी माळ्यावर टाकलीय. फळ्यावर 'वाढणारं' पुसून आता मी 'राहणारं' लिहिते. रैनाबाई, तुमचे फार उपकार आहेत.