टाकी बंद करणारे सर

यवतमाळच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी आर्णीच्या बसस्टँडवर उभी होते. "सर गेले, सिस्टर." माझ्या पिशवीत ओढणी होती, त्यांच्या रक्तानं कडक झालेली. तीन दिवस ती धुवायला हात धजला नव्हता... त्याला आता पाच आठवडे होतील.

प्रदीप सर आर्णीला कॉलेजात गणित शिकवायचे आणि मी जवळच्या आरोग्य केंद्रात परिचारिका. ओळख झाली ती डेंग्यूच्या जुन्या रजिस्टरांवरून. गणिताच्या माणसाला तापाच्या नोंदी कशाला हव्यात, असं मी तोंडावरच विचारलं होतं. ते हसले. "शाळेत एका पोरीच्या डोक्यात उवा झाल्या तर साऱ्या वर्गात पसरायले किती दिवस लागतीन, सांगता येते ना? मी तेच करून राह्यलो, फक्त तापाचं." किती जण आजारी पडू शकतात, किती पडलेत, किती बरे झालेत, यांची समीकरणं मांडून ते पुढच्या आठवड्याचा अंदाज द्यायचे. चुकला तर स्वतःच फोन करून सांगायचे. एकदा मात्र त्यांच्या सांगण्यावरून आम्ही सलाइनच्या बाटल्या आधीच मागवल्या, आणि त्या सगळ्या लागल्या.

यंदा आतल्या एका खेड्यात हगवण-उलटीची साथ आली. धडधाकट माणसं सकाळची संध्याकाळपर्यंत डोळे खोल जाऊन आडवी होत होती. सर माझ्याबरोबर दोन दिवस घरोघर फिरले, कोण कधी पडलं ते लिहून घेतलं. मग अंगणवाडीत बसून हिशेब मांडला आणि म्हणाले, "हे एकापासून दुसऱ्याले गेलं नाही, सिस्टर. तसं असतं तर हळूहळू चढलं असतं. अर्धं गाव एकाच दिवशी पडलं, म्हंजे सगळे एकाच जागचं पाणी प्याले." सरपंचांना सांगून त्यांनी स्वतः टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, टँकर मागवला. टाकीत ब्लिचिंग पावडर मी टाकली.

त्याच दुपारी गजाननची सहा वर्षांची मुलगी गेली. ती आदल्या दिवशीच आजारी पडली होती, पण तेवढ्यात कोणी तरी उठवलं की मास्तरनं टाकीत विष कालवलं.

चाळीसेक माणसं आली. हातात काठ्या, बैलगाडीच्या लाकडी उभाऱ्या. पुढे गजानन. "माही पोरगी मारली यानं." सरांनी मला अंगणवाडीत ढकललं. "कडी लावा, सिस्टर." मी लावली. हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही... पावडर मी टाकली, एवढं ओरडायचं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दाराबाहेर लाकूड हाडावर बसत होतं. दगड दारावर आदळत होते, त्यातले काही दाराआधी त्यांना लागत होते. "मले मारा," ते म्हणत होते, "पण टाकी उघडू नका." हे त्यांनी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा शब्द नीट उमटला नाही, तोंडात रक्त आणि तुटलेले दात होते. त्यानंतरही मार थांबला नाही. सगळं शांत झालं तेव्हा मी कडी काढली. जबडा एका बाजूला गेलेला, कान लोंबत होता, कवटी मऊ लागत होती. मी ओढणी बांधली.

पोलीस आले, सरांना यवतमाळला नेलं, टाकी बंदच राहिली. तिसऱ्या दिवशी गावात एकही नवा रुग्ण नव्हता. सर शुद्धीवर आले नव्हते, तरी मी त्यांच्या कानात ते सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

जबाबात मी सगळं लिहून दिलं, पावडरचं आणि कडीचंही. गजानन तुरुंगात आहे.

गेल्या आठवड्यात मी सरांच्या घरी होते तेव्हा गजाननची बायको सुनीता आली. एकटीच, एस.टी.नं. सरांच्या पत्नी ज्योतीताईंनी तिला पाणी दिलं. पेला खाली ठेवून सुनीता म्हणाली, "सर घरोघरी इचारत आले होते, ताई. माह्या पोरीचं नाव लिवून नेलं होतं. ते कुठं आहे?"

ज्योतीताई तिला सरांच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर त्या गावाचा हातानं काढलेला नकाशा होता, प्रत्येक आजाऱ्यामागे एक लाल ठिपका. ज्योतीताईंनी वही पाहून एका ठिपक्यावर बोट ठेवलं. सुनीता जवळ गेली.

"हे चुकलं," ती म्हणाली. "हे माह्या जावेचं घर. आमचं इकडं, टाकीले लागून."

ज्योतीताईंनी टेबलावरचं सरांचं लाल पेन उचललं, चुकलेल्या ठिपक्यावर फुली मारली आणि पेन तिच्या हातात दिलं. टाकीला लागून नवा ठिपका सुनीतानं स्वतः काढला.