अमावास्येचं मंजूर निवेदन

"ती अमावास्येची बाई कोणती?"

चांदवडच्या मंगल कार्यालयात आमच्या रेडिओचा श्रोता मेळावा नुकताच सुरू झाला होता. दीपप्रज्वलन झालं होतं, आमच्या केंद्रप्रमुख साहेबांना शाल आणि नारळ मिळाला होता. स्वागतगीताआधीच तिसऱ्या रांगेतून रामनाथ आहेर नावाचे शेतकरी उठले आणि त्यांनी हे विचारलं. त्यांच्या मागे बसलेल्या साठ-सत्तर माणसांनाही हेच विचारायचं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

अमावास्येची बाई व्यासपीठावरच होती. वैशाली तिचं नाव. ती मेळाव्याचं सूत्रसंचालन करत होती. तिला कामावरून बंद केल्याचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. कार्यक्रम संपल्यावर ते तिला द्यायचं, असा साहेबांचा हुकूम होता. आधी दिलं असतं तर सूत्रसंचालन कोण करणार?

मी तेव्हा नाशिकच्या सरकारी रेडिओवर कार्यक्रम अधिकारी होते. शेतीचे कार्यक्रम माझ्याकडे. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे हे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

आधी वैशालीबद्दल सांगते. रेडिओवर ज्यांचे आवाज लोक ओळखतात, त्यातले बहुतेक जण कायम नोकरीत नसतात. त्यांना आम्ही कॅज्युअल म्हणतो. महिन्याला मोजक्या ड्यूट्या, ड्यूटीमागे ठरलेले पैसे. रजा नाही, पेन्शन नाही. कायम नोकरीत असतात ती माझ्यासारखी माणसं, ज्यांचा आवाज कोणी ऐकलेला नसतो. वैशाली ओझरहून बसनं यायची. नवऱ्याची कारखान्यातली कंत्राटी नोकरी सुटली होती आणि घर तिच्या ड्यूट्यांवर चाललं होतं. चौदा वर्षं ती बाजारभाव वाचत होती. ओझरच्या स्टँडवर तिनं नुसतं "दोन लिंबू द्या" म्हटलं तरी भाजीवाली म्हणायची, "ताई, आज कांदा काय निघाला?"

आता अमावास्या. आमच्या भागात कांद्याचे लिलाव अमावास्येला बंद ठेवायची जुनी रीत होती. त्यामुळे आदल्या संध्याकाळी आम्ही निवेदन द्यायचो, की उद्या अमावास्या आहे, लिलाव बंद राहतील, शेतकरी बांधवांनी माल आणू नये. मजकूर दर महिन्याला तोच. तेव्हा आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी विचार केला, की दर वेळी बाईला बोलावून तेच वाचून घ्यायचं म्हणजे एक ड्यूटी वाया. त्यांनी वैशालीकडून ते एकदाच रेकॉर्ड करून घेतलं आणि कॉम्प्युटरला लावून दिलं. कॉम्प्युटर पंचांग बघून आपोआप वाजवायचा. खर्च वाचवल्याबद्दल साहेबांना वरून शाबासकी मिळाली. वैशालीची एक ड्यूटी कमी झाली. तिला कोणी काही बोललं नाही, कारण तशी पद्धत नव्हती.

मग आमच्या भागातल्या बाजार समितीनं ठरवलं, की या अमावास्येपासून लिलाव चालू ठेवायचे. रीत मोडायची म्हणजे गावोगाव चर्चा झाली, व्यापारी हो-नाही करत राहिले आणि निर्णय पक्का झाला तो अमावास्येच्या आदल्या दुपारी. समितीच्या सचिवांनी मला परिपत्रकाचा फोटो मोबाइलवर पाठवला, वर फोनही केला. मी तो फोटो घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, उद्या लिलाव चालू आहेत. संध्याकाळचं निवेदन बदलायला हवं."

"मूळ पत्र आलंय?"

"फोटो आलाय. सही-शिक्का दिसतोय. सचिवांशी बोलणंही झालंय."

"मॅडम, दुसऱ्या संस्थेची माहिती मूळ पत्राशिवाय द्यायची नाही, हा नियम आहे. उद्या कोणी फोटो खोटा निघाला म्हणालं तर?"

"बरं. मग नवीन देऊ नका. पण जुनं तरी वाजवू नका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जुनं कसं थांबवणार? ते मंजूर आहे."

आमच्या खात्यात एखादी गोष्ट खरी आहे की खोटी हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ती मंजूर आहे का. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. ते नियमाला धरून होते, इतके की नियम सुटला असता तर पडले असते. मी वाद घातला, आवाज चढवला, केबिनचं दार जरा जोरात लावून बाहेर आले. संध्याकाळी कॉम्प्युटरनं वैशालीच्या गोड आवाजात सगळ्या जिल्ह्याला सांगितलं, की उद्या माल आणू नका.

दुसऱ्या दिवशी ज्यांनी रेडिओ ऐकला ते घरी राहिले. ज्यांनी ऐकला नव्हता ते गेले. आवक कमी, त्यामुळे त्यांना भाव झकास मिळाला. पुढे लागून सुट्ट्या आल्या आणि बाजार उघडला तेव्हा सगळ्यांचे ट्रॅक्टर एकदम आले. भाव उतरला. थोडक्यात, आमचं ऐकणाऱ्यांचं नुकसान झालं आणि न ऐकणाऱ्यांचा फायदा. कोणत्याही रेडिओला याहून वाईट जाहिरात मिळणं कठीण.

फोन सुरू झाले. एका स्थानिक पेपरात आलं, की लोकांच्या पैशावर चालणारा रेडिओ हवाच कशाला, तिथल्या लोकांना पगार कशाचे मिळतात आणि चुकलं तर भरतं कोण. प्रश्न रास्त होते. नेमके तेच प्रश्न वरच्या ऑफिसनंही साहेबांना विचारले, फक्त जरा कमी सभ्य भाषेत.

साहेबांनी मला बोलावलं. "जबाबदारी निश्चित करावी लागेल. त्या निवेदिकेला पुढील आदेशापर्यंत ड्यूटी देऊ नका."

"साहेब, ती त्या दिवशी केंद्रावर नव्हतीच. ती घरी होती."

"आवाज तिचाच होता ना?"

पत्र तयारच होतं. साहेबांनी मेळावा रद्द करायचाही विचार केला होता, पण बॅनर छापून झाले होते आणि ती मंजूर रक्कम होती.

तर आहेरांनी विचारलं, ती बाई कोणती. वैशालीनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग माइक तोंडाजवळ घेऊन ती म्हणाली, "मीच ती, दादा."

आवाज ओळखून सगळं सभागृह जरा हललं. वर्षानुवर्षं कानावर पडणाऱ्या आवाजाला चेहरा असतो, हे माणसं विसरून जातात.

आहेर म्हणाले, "बाई, रागवू नका, पण तुमच्या एका शब्दावर माझा भरलेला ट्रॅक्टर दारात उभा ऱ्हायला. शेजारचा गेला, तो पैसे मोजत आला. तो रेडिओ ऐकत नाय. आता माझी बायको म्हणती, तुमी पण ऐकू नका."

"दादा, तुमचं खरं आहे. पण त्या दिवशी मी घरी होते. रेडिओवर माझा आवाज होता, दोन वर्षांपूर्वी भरून ठेवलेला. लिलाव चालू आहेत हे मलाही दुसऱ्या दिवशीच कळलं."

बायकांच्या बाजूला हिराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचा स्वतःचा कांद्याचा मळा होता आणि माइकची त्यांना गरज नव्हती. "मंग तू घरी आणि आवाज रेडिओवर, तर आवाजाला धाडलं कोणी?"

वैशालीनं हातातले कागद चाळले. तिला उत्तर माहीत होतं. पण ते दिलं तर ड्यूट्या जातील, अशी तिला भीती वाटत होती. त्या आधीच गेल्या आहेत हे फक्त मला आणि साहेबांना ठाऊक होतं. साहेब मिळालेला नारळ निरखून बघत होते.

मला त्या क्षणी पर्स फार जड वाटली. मी उठले आणि वैशालीच्या हातातून माइक घेतला. फोटो कधी आला, मी काय म्हटलं, नियम काय आहे, हे सगळं सांगितलं. कोणाला नावं ठेवली नाहीत. "नवं निवेदन मंजूर नव्हतं आणि जुनं मंजूर होतं, म्हणून जुनं वाजलं," एवढंच म्हणाले.

आहेरांनी नीट समजून घेतलं. "म्हंजे खरं होतं ते नामंजूर, आणि खोटं होतं ते मंजूर?"

"तसंच म्हणा."

"आणि पगार किती ओ तुमाला? लाखभर असंल."

"माझा चांगला आहे," मी म्हणाले. "यांचा विचारा."

वैशालीनं आकडा सांगितला. ड्यूटीचा, महिन्यात किती मिळतात त्याचा आणि ओझरहून यायच्या भाड्याचा. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हिशेब करायला लागले. हिराबाईंनी तो तोंडीच केला. "एवढ्यात माझ्याकडं कांदे काढायला बाई येत नाय."

आता साहेबांना उठावंच लागलं. त्यांनी माइक उलटा धरला, मी तो सुलटा करून दिला. "श्रोतेहो, तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आमच्या निवेदिका आज संध्याकाळी दिलगिरी व्यक्त करतील."

रेडिओची ही जुनी सवय. लाइट गेली, माणूस उशिरा आला, चुकीची फाइल वाजली, काहीही झालं तरी तांत्रिक कारण. आणि दिलगिरी नेहमी निवेदकाच्या तोंडून. अधिकारी कधी बोलत नाही.

"मशिनला आवस-पुनव काय कळती, साहेब?" हिराबाई म्हणाल्या. "अन् या पोरीनं कशापायी माफी मागायची? ज्यानं ठरवलं त्यानं मागावी. त्याचा पण आवाज ऐकू द्या की एकदा."

टाळ्या पडल्या. मेळाव्याच्या अहवालात मी पुढे 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलं. साहेबांनी माइक पुन्हा तोंडाजवळ नेला. मग म्हणाले, "बरं. मी बोलतो."

परतीला आम्ही सगळे एकाच जीपमध्ये होतो. ओझरला वैशाली उतरली. ती गेल्यावर साहेब पुढच्या सीटवरून म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मला त्या दिवशी नीट सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं, साहेब."

"लेखी?"

माझा बीपी तेव्हापासूनचा आहे.

पण माणूस शब्दाला जागला. केंद्रावर पोचताच ते स्टुडिओत गेले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माइकसमोर बसले होते. त्यांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरात पहिलाच शब्द 'तांत्रिक' होता. त्यांनी तो वाचला, पेन काढून खोडला आणि वर 'माझ्या निर्णयामुळे' असं लिहिलं. मी काचेपलीकडून बघत होते. तेव्हा मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला, आणि तो लपवायचं काही कारण नाही. मग ते वाचायला लागले. कागद वाजला, 'शेतकरी बांधव' दोनदा अडखळलं. बरेच टेक झाले. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"हे लोक रोज कसं करतात हो?" त्यांनी विचारलं.

मी पर्समधलं पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. "हे द्यायचं राहिलं."

त्यांनी ते घेतलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "राहू द्या," म्हणाले.

निवेदन प्रसारित झालं. नंतर आलेल्या फोनमध्ये माफीबद्दल कमी आणि आवाजाबद्दल जास्त होतं. हे नवीन गृहस्थ कोण, यांना काही जमत नाही, त्या ताईंनाच ठेवा, असं एकूण मत पडलं. मी ते साहेबांना जसंच्या तसं कळवलं. लेखी.

भरून ठेवलेलं निवेदन कॉम्प्युटरवरून काढून टाकलं. पुढच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी वैशालीला ड्यूटी लावली. तिनं स्वतः समितीत फोन केला, खात्री केली आणि संध्याकाळी लाइव्ह सांगितलं, की उद्या अमावास्या असली तरी लिलाव चालू राहतील.

ड्यूटी संपायच्या आत फोन वाजायला लागला. कोणी नीट विश्वास ठेवायला तयार नव्हतं, आणि त्यांचंही बरोबर होतं. वणीहून, चांदवडहून, कुठून कुठून फोन. वैशाली प्रत्येकाला तेच सांगत होती, "हो काका, मीच बोलतेय. भरलेला आवाज नाही. आज मी इथे बसलेय." तिची शेवटची बस गेली. मी तिला म्हटलं, तुला सोडायची सोय करते, तू फोन घे. शेवटचा फोन आहेरांचा होता.

"बाई, ट्रॅक्टर भरू ना?"

चुकलं तर काय होतं ते तिला आता माहीत होतं.

"भरा, दादा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आहेरांचा पुन्हा फोन आला. मी जवळच उभी होते. वैशालीचा चेहरा आधी उतरला, मग तिनं हसू दाबलं. रिसीव्हरवर हात ठेवून ती मला म्हणाली, "मॅडम, भाव पडला म्हणून तक्रार आहे. म्हणतात, सगळेच तुमचं ऐकून आले."

"लिहून घे," मी म्हटलं.

"तक्रारीत?"

"कौतुकात."

यातून मी शिकले ते एवढंच, की लोकांचा विश्वास परत मिळवायला मूळ पत्र लागत नाही, माणूस लागतो. वैशाली अजून बाजारभाव वाचते. ड्यूटीचा दर तोच आहे. तो वाढवा असं मी निवृत्त होण्याआधी लिहून दिलं होतं, साहेबांनीही त्यावर सही केली. वरून अजून मंजुरी आलेली नाही.