रविवार त्यानेच मागून घेतले होते

माझा मुलगा कोर्टात रडला होता, हे आधी सांगते. नुसतं डोळ्यांत पाणी नाही, रुमाल पिळावा लागेल इतकं रडला. म्हणाला, मुलीशिवाय मी जगू शकत नाही. मग जजसाहेबांनी लिहून दिलं की मुलगी आईकडे राहील, आणि महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बापाकडे. मी मागच्या बाकावर बसले होते. मी चौथी शिकलेली बाई. मला वाटलं, कोर्टाने लिहिलं म्हणजे ते होणारच.

पोरीला आणून सोडायचं कुठे, यावर पुन्हा भांडण. सून म्हणाली, मी गुडगावला येणार नाही. हा म्हणाला, मी तिच्या दारात उभा राहणार नाही. शेवटी दोघांचं पटलं ते दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलवर. आपली जागा, आपली माणसं. परमुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांनाच असली अक्कल सुचते. रविवारी तिथे नाटकाची तालीम, कुणाचं बारसं, कुणी मासिकं चाळत बसलेलं. त्या सगळ्यांच्या देखत पोरगी बापाच्या हातात द्यायची.

तीन वेळा गेला. चौथ्या वेळी पलंगावरूनच म्हणाला, "आई, लोक बघतात यार. ऑकवर्ड होतं."

मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तो साहेब होता. दोनशे माणसं त्याला सलाम करायची, आणि हा मंडळातल्या चार म्हाताऱ्यांच्या नजरेला घाबरला. त्याचे वडील सरकारी ऑफिसात शिपाई होते. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जन्म गेला, पण रविवारी पोराला सायकलच्या दांडीवर बसवून इंडिया गेटला नेणं त्यांनी चुकवलं नाही. ह्याच्याकडे सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, दारात गाडी, कमरेला मोबाइल. गुडगावात तेव्हा शेतांतून नुसत्या बिल्डिंगी उगवत होत्या, आणि प्रत्येकीत असा एकेक साहेब दहा वाजेपर्यंत लोळत असायचा.

मग मी जायला लागले. लाइट गेलेली असली तर सात मजले उतरायचे, मग शेअर ऑटो, धौला कुआँपर्यंत हरियाणाची बस, तिथून दुसरी. डब्यात लाडू नाहीतर शंकरपाळे. पोरगी तेव्हा सात वर्षांची. हॉलच्या गेटवर उभी असायची, पाठीला दप्तर, कारण तिला वाटायचं पापाकडे होमवर्क करायचा. मी समोर गेले की ती माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघायची. दर वेळी. कुणी येत नाही असं बघून झालं की मग माझ्याकडे बघायची.

"पापा?"

"ताप आलाय त्यांना. हे बघ, लाडू पाठवलेत तुझ्यासाठी."

पहिल्याच दिवशी सून जवळ आली. ती पण ऑफिसात नोकरी करणारी, सरळ बोलायची. म्हणाली, "आई, कागदावर तुमचं नाव नाहीये. तुम्ही कशाला धावपळ करता?"

मी म्हटलं, "बाकावर बसते तिच्याबरोबर. कुठे नेत नाही."

तिने हाताने बाकावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "पाचपर्यंत बसा. चहा मी आणते."

असं दीड वर्ष चाललं. ताप, मीटिंग, टूर, गाडी बिघडली. एवढ्या वेळा आजारी पडलेला माणूस खरं तर जगायला नको होता. फ्रॉक मी शिवून घेतला, नाव त्याचं. रंगीत पेनं मी आणली, नाव त्याचं. मला वाटायचं मी पोरीसाठी करतेय. आता कळतं, मी त्याची लाज झाकत होते, आणि त्याला स्वतःला ती लाज नव्हतीच. घरी आले की विचारायचा, "कशी आहे ती?" आणि उत्तर पुरं व्हायच्या आत टीव्हीचा आवाज वाढवायचा.

त्या वर्षी संक्रांत दुसऱ्या रविवारी आली. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, लढाईत आपले लोक पडले तिथे नमस्कार करायला. ह्याचं भाषण ठेवलं होतं. आठ दिवस आरशासमोर घोकत होता, ते शूर कसे जागेवरून हलले नाहीत, शब्दाला कसे जागले. फेटा पुण्याहून मागवला होता. बांधता येत नव्हता. मंडळाच्या सेक्रेटरींनी बांधून दिला. मला म्हणाला, "आई, तू पण चल, माझं भाषण ऐकशील."

मी म्हटलं, "आज रविवार आहे."

"अगं बस हॉलवरूनच सुटते ना, आणि धुक्यामुळे आठाची दहाला. तिला तिथेच भेटू दोन मिनिटं."

हॉलवर पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. मी बसमध्ये चढून खिडकीशी बसले, मांडीवर तिळाच्या वड्यांचा डबा. हा खाली चार लोकांत फेटा सावरत उभा. तेवढ्यात सून पोरीला घेऊन आली. पोरीने त्याला बघितलं आणि जी पळत सुटली, दप्तर पाठीवर उडत होतं.

"पापा, आज तुम्ही आलात."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "राणी, आज बस आहे ना. नेक्स्ट संडे येतो, पक्का."

पोरगी म्हणाली, "नेक्स्ट संडे तुमचा नाहीये. तुमचा चौथा."

आठ वर्षांच्या पोरीला कोर्टाचा कागद पाठ होता.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, घ्या की तिला पण. लहान आहे, आजीच्या मांडीवर बसेल."

तर हा म्हणतो, "नको हो, भाषण आहे माझं. मी तिच्याकडे बघू की भाषणाकडे?" मग माझ्याकडे बघून हळूच, "आई, तू सांग ना तिला काहीतरी."

मी डबा घेऊन खाली उतरले. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, बस सुटतेय." मी म्हटलं, "सुटू द्या. ह्याचं भाषण मी घरी आठ दिवस ऐकलंय." दोघं-तिघं हसले. हा हसला नाही. फेटा सांभाळत बसमध्ये चढला.

आम्ही आपल्या बाकावर बसलो. पोरीने डबा उघडला. विचारलं, "हे पण पापांनी पाठवलं?"

"नाही. मी केलंय."

"लाडू?"

"मीच केले."

"फ्रॉक?"

"तो पण मीच."

जरा वेळ वडी चघळली. मग, "आणि ताप?"

"ताप पण माझाच होता, बाळा. त्याला कधी आला नाही."

ती रडली नाही. दप्तर पाठीवरून काढून बाकाखाली सरकवलं आणि दुसरी वडी घेतली.  

सुनेने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मीच तिला म्हटलं, कोर्टात मला घेऊन चल, ते रविवार माझ्या नावावर करून घेऊ. जज बदलले होते, नवीन मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "माताजी, बेटा आपका है?"

"है जी."

"वो कहते हैं, बच्ची से हर बार मिलने जाते थे."

म्हणजे तिथेही खोटं. मी म्हटलं, "तीन बार गया जी. बाकी मैं जाती थी."  मॅडमनी सुनेला विचारून माझं नाव कागदात घातलं. खाली सही करायला सांगितली. चौथीत शिकवली होती तशी केली, एकेक अक्षर.

परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "माझ्याविरुद्ध बोललीस. मंडळात लोक काय म्हणतील?"

"पुढच्या संक्रांतीला पुन्हा भाषणाला बोलावतील. तुला दुसरं काय हवंय?"

घरी येऊन त्याला पोळ्या करून वाढल्या. जेवला नीट. त्याची भूक कधी कशाने गेली नाही.

चौथ्या रविवारी मी डबा घेऊन निघाले तर तो खाली गाडी पुसत होता. सोडतो म्हणाला नाही, मी म्हटलंही नाही. दोन बस बदलून हॉलवर पोचले. पोरगी गेटवर होती, पाठीला दप्तर नव्हतं. मला बघितलं आणि हात पकडून आत घेऊन गेली. मागे रस्त्याकडे मी बघितलं, तिने नाही.