अर्ध्या तासातली अंडी

बाई माणसाकडे बघायच्या आधी घड्याळाकडे बघायच्या. "बोल भिया, पण चालता चालता. अंडी थांबत नसतात." ही अंडी कोंबडीची नव्हेत, शाळकरी पोरांच्या पोटातल्या जंतांची.

त्या इंदूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या; तिथे भाऊला भिया म्हणतात. मी पत्रकं लिहिणारा, घोषणा देणारा. पोरांना जंत नाहीतच, असं साहेबलोक म्हणाले की माझं डोकं फिरायचं. बाईंचं फिरत नसे. "नाही म्हणतात? मग शोधू ना यार," एवढंच.

त्या वर्षी दोन तपासण्यांची तुलना चालली होती. एकाच डबीतला नमुना, दोन काचा. एक साधी: मिठाच्या पाण्यात चिमूटभर शी कालवायची. दुसरी जाड थराची, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेली पट्टी. ग्लिसरीनने मळ पारदर्शक होतो आणि अंडी दिसतात. मेख अशी, की अंकुशकृमीची अंडीही थोड्या वेळाने विरून जातात. अर्ध्या तासात बघितली तर बघितली. हा कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. पांढऱ्या ओठांची, धापा टाकणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना आळशी म्हणतो. ज्या शाळेत हा सापडेल तिथे वर्षातून दोनदा औषध, नाहीतर एकदाच.

खजरान्याच्या पलीकडच्या वस्तीतली एक शाळा. सहावीतली एक मुलगी प्रार्थनेला उभी राहिली की दोन मिनिटांत खाली बसायची. "नाटकं आहेत," हेडमास्तर म्हणाले. "आमची शाळा एकदम क्लीन." बाईंनी व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक मांडला, काचा तयार केल्या. आणि मी घोळ घातला. पालक जमलेच आहेत तर सभा घेऊ म्हटलं. बाईंचं नाव पुकारलं, टाळ्या वाजवायला लावल्या, त्यांना खुर्चीत बसवलं. दहा मिनिटं म्हणालो होतो. माझं भाषण लांबलं. ते नेहमीच लांबतं.

परत आलो तर एकाही काचेत काही दिसेना.

"लिहा ना सापडलं म्हणून," मी म्हणालो. "आपल्याला माहीतच आहे."

"तुला माहीत आहे. मी बघितलेलं नाही. न बघितलेलं अंडं पत्रकात चालतं भिया, रजिस्टरमध्ये नाही." रिकाम्या डब्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. "जा. नमुने संपलेत. परत माग."

मी दारोदार गेलो. माझ्या भाषणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्या मुलीची आई म्हणाली, "आज सुबह ही तो दी थी भैया. खो दी क्या?" शेजारीण फिसकन हसली.

दुसऱ्या दिवशी मुलीची साधी काच: काही नाही. जाड थराची, वेळेत बघितलेली: बाई थबकल्या. मग उठल्या, थेट वर्गात गेल्या आणि फळ्यासमोरून हेडमास्तरांना घेऊन आल्या.

"बघा सर. पटकन बघा. नंतर मागितलं तर दाखवता येणार नाही."

"बुडबुडे आहेत ना हे?"

"बुडबुड्याच्या आत पेशी नसतात सर. मोजा."

हेडमास्तरांनी मोजल्या. चार म्हणाले. दारात ती मुलगी उभी होती. "मैं फेल हो गई क्या?" तिनं विचारलं.

"तू नहीं बेटा," बाई म्हणाल्या. "वो पकड़ा गया." आणि लगेच पुढची काच घेतली.

त्या शाळेला दोनदा औषध मिळू लागलं. तुलनेत जाड थराची काच सरस ठरली, गुळगुळीत कागदावर अहवाल निघाला. बाई रिटायर झाल्या. आता काचा शाळेतच तयार करतात, पण पेटीत भरून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेतात आणि जेवणं झाल्यावर बघतात. तपासणी सर्वोत्तम, निकाल निरंक. सगळ्या शाळा निरंक. याला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही. हलगर्जीपणाला निदान लाज असते.

परवा त्या शाळेत गेलो होतो. दुसऱ्या वेळचं औषध बंद झालंय. हेडमास्तरांनी निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"सर, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतंत," मी म्हणालो.

त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला.

"हो," म्हणाले. "त्या बाईंनी वर्गातून बोलावून नेलं होतं. आता बोलवायला कोणी येत नाही."